अभ्यासाला बसलेले मूल

सहा-सात वर्षांच्या मुलाचे लक्ष अभ्यासात टिकत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. तेच मूल मुंग्यांची रांग बघत कितीतरी वेळ उकिडवे बसते, पत्त्यांचा बंगला कोसळला तरी पुन्हा रचायला घेते, शंभरदा ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगायला लावते आणि सांगणाऱ्याने मधले एक वाक्य गाळले की लगेच पकडते. म्हणजे लक्ष देण्याची शक्ती या वयात असते. ती मुलाच्या स्वतःच्या मालकीची असते, एवढेच. दुसऱ्याच्या हुकमावर ती हजर होत नाही. शाळेचे काम बहुतेक वेळा दुसऱ्याने ठरवलेले, दुसऱ्याने मोजलेले आणि दुसऱ्याने तपासायचे असते. अशा कामाकडे मुलाने आपली शक्ती आपणहून वळवावी, यासाठी घरातल्या मोठ्यांनी काय करावे आणि काय टाळावे, हा येथे मांडायचा विषय आहे. त्यात टाळायच्या गोष्टींचा भाग मोठा आहे, कारण लागलेले लक्ष मोडण्याचे काम अनेकदा शेजारी बसलेले मोठे माणूसच करत असते.

लहान वयात एका जागी बसून लिहिणे किती अवघड असते, याचा मोठ्यांना विसर पडलेला असतो. सराव झालेल्या माणसाचा हात आपोआप चालतो आणि मन मजकुरात राहते. दुसरीतल्या मुलाला प्रत्येक अक्षराचे वळण आठवावे लागते, पेन्सिलीवरचा दाब सांभाळावा लागतो, ओळ सोडायची नसते, आणि हे सगळे चालू असताना पुढचा शब्द कोणता तेही ध्यानात ठेवायचे असते. इकडेतिकडे धावणारे मन आवरण्याचे काम ज्या भागाकडे असते, तो मेंदूचा पुढचा भाग विशी उलटेपर्यंत घडत असतो. एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त सूचना या वयात डोक्यात राहत नाहीत. ‘दप्तर काढ, डायरी बघ, कालचे राहिलेले आधी पूर्ण कर आणि मग पाढे म्हण’ असे एका दमात सांगितले, की मूल दप्तरापर्यंत जाते आणि तिथेच काहीतरी चाळत बसते. त्याला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे.

भोपाळच्या चार इमली भागातल्या घरांत या प्रश्नाला काही खास बाजू आहेत. ही वस्ती मुख्यतः मंत्र्यांच्या आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सरकारी निवासांची. अरेरा टेकडीवरचे वल्लभ भवन, म्हणजे राज्याचे मंत्रालय, येथून जवळच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. तेव्हापासून ग्वाल्हेर, इंदूर, नागपूरकडची मराठी नोकरदार कुटुंबे या शहरात येत राहिली. अशा नोकरदार घरांतले आईबाबा पुष्कळदा स्पर्धा परीक्षा देऊन वर आलेले असतात. अभ्यास म्हणजे दार बंद करून, घड्याळ समोर ठेवून, तासन्‌तास बसणे, असे चित्र त्यांच्या मनात असते आणि त्यांच्या बाबतीत ते खरेही ठरलेले असते. पण तो अभ्यास बावीस-तेवीस वर्षांच्या माणसाने, स्वतः निवडलेल्या ध्येयासाठी केलेला होता. तो साचा सात वर्षांच्या मुलाला लावला, की मूल टेबलापाशी बसलेले दिसते आणि मन मात्र तिथे नसते. बसण्याचे तास मोजणारे पालक त्यावरच समाधान मानतात, हे या घरांतले मोठे नुकसान आहे.

दुसरी बाजू बदलीची. जिल्ह्याच्या ठिकाणाहून राजधानीत, राजधानीतून पुन्हा जिल्ह्यात, अशा फेऱ्यांत मुलाचे घर, शाळा आणि सवंगडी एकदम सुटतात. नव्या शाळेत सुरुवातीचे काही महिने त्याचे निम्मे लक्ष वर्गात आपली जागा कुठली, डबा कोणाबरोबर खायचा, हे शोधण्यात गुंतलेले असते. त्या काळात वही मागे पडली तर तो बुद्धीचा दोष नव्हे. तिसरी बाजू वेळेची. बैठका लांबल्या की कचेरीतून घरी यायला रात्र होते आणि वही तपासण्याची वेळ नऊच्या पुढे जाते. त्या वेळी मूल झोपेला आलेले असते आणि मोठे माणूस दिवसभराचा ताण घेऊन आलेले असते. चुका शोधण्यासाठी याहून वाईट वेळ सापडणार नाही.

मुलाच्या एकाग्रतेचा गंभीरपणे विचार करणाऱ्यांत मारिया माँटेसरी यांचे नाव आधी येते. १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. तिथे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यांतल्या खाचांत दट्टे बसवत होती. माँटेसरींनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिने ठोकळे मांडीवर घेऊन काम चालूच ठेवले. मोजायला सुरुवात केल्यापासून तिने तेच काम ४४ वेळा केले आणि मग थकवा न दिसता, प्रसन्न चेहऱ्याने थांबली. तिला कोणी बस म्हटले नव्हते, शाबासकीही दिली नव्हती. हाताला योग्य काम मिळाले आणि कोणी मध्ये पडले नाही, तर लहान मूलही खोल एकाग्र होते, हे निरीक्षण पुढच्या सगळ्या बालशिक्षणाचा पाया ठरले.

हा विचार मराठी मुलखात आणणाऱ्यांत ताराबाई मोडक अग्रणी होत. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या व आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिंपले, बिया, पाने, दोरा हीच तिथली साधने. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, ही त्या कामाची रीत होती. बंगल्यातल्या मुलालाही ती तितकीच लागू पडते.

गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक पहिल्या दिवशी वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि त्याची पुरती फजिती होते. मुले आणखीच गोंगाट करतात. मग तो गोष्ट सांगायला लागतो आणि तोच वर्ग कान टवकारून बसतो. भोपाळलाही याच वाटेवरचा मोठा अनुभव जवळ आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या नर्मदापुरम्‌मधल्या, १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातूनच १९८२ साली एकलव्य ही संस्था उभी राहिली आणि १९८५ पासून तिचे ‘चकमक’ हे मुलांचे मासिक भोपाळहून निघू लागले. या कामात मुले पाने गोळा करत, मोजत, भांडत, पुन्हा मोजत. लक्ष दे, असे त्यांना वेगळे सांगावे लागत नसे.

पालकांच्या वागणुकीबद्दलचा विचार याला समांतर वाढला. १९६० च्या दशकात अमेरिकेत डायना बॉमरिंड यांनी पालकांच्या रीती अभ्यासल्या. धाकात ठेवणारे, सगळे चालू देणारे, आणि प्रेमळ असूनही नियमांना पक्के असणारे, असे तीन प्रकार त्यांनी मांडले. त्यांतल्या तिसऱ्या प्रकारच्या घरांतली मुले जास्त स्वावलंबी आणि संयमी आढळली. हाइम गिनॉट यांचे पालक आणि मूल यांच्यातल्या संवादावरचे पुस्तक १९६५ चे. मुलाच्या स्वभावावर शिक्का न मारता समोरच्या गोष्टीबद्दल बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. मराठीत शोभा भागवत यांचे ‘आपली मुलं’ हे पुस्तक आणि पुण्याहून १९८७ पासून निघणारे ‘पालकनीती’ मासिक यांनी हा विचार मध्यमवर्गीय घरांपर्यंत नेला.

मुलाला आदराने वागवणे म्हणजे त्याला हवे ते करू देणे, असा गैरसमज अजूनही पुष्कळ आहे. आदर म्हणजे मुलाला पूर्ण माणूस समजणे: त्याची भूक, थकवा, कंटाळा खरा मानणे, त्याच्याशी खरे बोलणे, आणि ठरलेला नियम त्याच्यासमोर विनाकारण न बदलणे. गृहपाठ करायचा की नाही, हा प्रश्न सात वर्षांच्या मुलावर सोडायचा नसतो. तो खेळून आल्यावर करायचा की खाऊन झाल्यावर, आधी गणित की आधी शुद्धलेखन, जमिनीवर पाट घेऊन की टेबलापाशी, हे मात्र त्याने ठरवावे. निवड छोटी असली तरी खरी असावी लागते. आपणच ठरवलेल्या क्रमाने काम करणारे मूल त्या कामात जास्त वेळ राहते. ‘तुझे लक्षच नसते’, ‘तू आळशीच आहेस’, ‘शेजारचा बघ कसा बसतो’ ही वाक्ये मुलाला काय करायचे ते सांगत नाहीत, तो कसा आहे एवढेच सांगतात. आणि मूल पुढे तसेच वागू लागते. त्याऐवजी ‘तीन गणिते झाली, दोन राहिली’ असे म्हटले तर त्याला रस्ता दिसतो.

प्रत्यक्ष बसण्याची तयारी शाळेची बस दारात थांबते तेव्हापासून होत असते. मूल सहा-सात तास शिस्तीत राहून आलेले असते. आधी खाणे, मग धावणे, हा क्रम बहुतेक मुलांना मानवतो. खेळ हा अभ्यास झाल्यावर मिळायचा मोबदला समजला जातो, ती मोठी चूक आहे. अंग मोकळे झालेले मूल जास्त शांत बसते. चार इमलीत मोकळी आवारे आणि झाडे आहेत, जवळ एकांत पार्कही आहे. शिकवणीच्या धाकाने ही जागा मुलांना पारखी होऊ नये. त्यानंतर बसायची जागा आणि वेळ शक्यतो रोज तीच ठेवावी. टीव्ही बंद असावा, आणि मोठ्यांचा मोबाइलसुद्धा दुसऱ्या खोलीत असावा. मुलाला ‘वहीत बघ’ म्हणून सांगणारी व्यक्ती स्वतः पडद्यात डोके घालून असेल, तर मूल ऐकण्यापेक्षा पाहिलेलेच उचलते. टेबलावर एकाच विषयाची वही असावी, बाकीचे दप्तर नजरेआड. नावडते काम दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यात घ्यावे, मध्ये उठून पाणी प्यावे, एक चक्कर मारावी.

मोठ्या माणसाने जवळ असावे. ते कसे, हे महत्त्वाचे. एक नेहमीचे दृश्य घेता येईल. मूल ‘सायकल’ हा शब्द लिहीत आहे. ‘सा’चा काना थोडा तिरका गेला. आईचा हात खोडरबराकडे जातो, शब्द पूर्ण व्हायच्या आत अक्षर पुसले जाते, कागद थोडा चुरगळतो. मूल वर बघते. आता त्याला शब्द आठवायचा आहे, पुसलेल्या जागी नीट लिहायचे आहे आणि आईचा चेहराही वाचायचा आहे. पुढच्या ओळीपासून ते प्रत्येक अक्षराला थांबते, वर बघते, विचारते, ‘बरोबर आहे?’ मग आई म्हणते, याचे लक्ष लागत नाही. ते लागले होते. चेहरा वाचण्याच्या कामात ते वाटले गेले. खोडरबर मुलाच्या हातात असावा. ओळ, शक्य तर पान, पूर्ण झाल्यावर आधी त्यालाच विचारावे की यात तुला कोणते अक्षर सगळ्यात चांगले वाटते आणि कोणते पुन्हा काढावेसे वाटते. मुले या प्रश्नाचे उत्तर सहसा प्रामाणिकपणे देतात. उरलेल्या चुकांपैकी एखादीच त्या दिवशी दाखवावी. आईने किंवा बाबांनी शेजारी आपले काहीतरी वाचावे, भाजी निवडावी, हिशेब लिहावा. मुलाने विचारले तर उत्तर द्यावे, आणि अडले तर उत्तर न सांगता पुढची पायरी दाखवावी.

मूल वही ढकलून देते, रडते, ‘मला नाही येत’ म्हणते, तेव्हा समजावण्याची घाई होते. त्या क्षणी सोपे आहे असे म्हणणे निरुपयोगी असते. सोपे असूनही येत नाही, म्हणजे आपणच कमी, असा त्याचा अर्थ मुलाला लागतो. ‘हे गणित अवघड जातेय, दिसतेय’ एवढे म्हणून थोडे थांबावे. रडू ओसरले की एक सोपे गणित एकत्र सोडवून पुन्हा त्या गणिताकडे यावे, नाहीतर त्या दिवशी ते सोडून वहीत बाईंना तसे लिहून कळवावे. मारणे आणि अपमान यांना शिक्षणात जागा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली आहे. घरातल्या टेबलाला तो कायदा लागू होत नाही, म्हणून तिथे कमी प्रतीचे वागणे चालेल असे मानता येणार नाही. भेदरलेल्या मुलाचे सगळे लक्ष पुढचा फटका किंवा पुढचा टोमणा कधी येतो याकडे असते.

बक्षिसांचा प्रश्न धाकापेक्षा नाजूक आहे, कारण त्यामागे माया असते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. ज्यांना न सांगता, अनपेक्षित बक्षीस मिळाले होते, त्यांची आवड कमी झाली नाही. पान लिहिले तर चॉकलेट, पाढा पाठ केला तर मोबाइल, असे सौदे याच वाटेने जातात: काम हा बक्षिसापर्यंतचा अडथळा होतो आणि मूल तो कसाबसा ओलांडते. मोबाइल बक्षीस म्हणून देण्यात दुहेरी तोटा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी पडद्याचा वेळ दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांपेक्षा कमी असावा, असे सांगितले आहे. तो वेळ अभ्यासाशी बांधलाच नाही तर मुलाच्या लेखी त्याची किंमत वाढत नाही.

कधीकधी अभ्यासच जास्त असतो. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९३ सालीच दप्तराच्या वजनापेक्षा न समजता पाठ करण्याचे ओझे जास्त वाईट असल्याचे सांगितले होते. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा द्यावा. मध्य प्रदेशच्या शालेय शिक्षण विभागानेही त्यानंतर याच धर्तीवर आदेश काढले. पहिलीतले मूल रोज दीड तास लिहीत असेल, तर त्याचे लक्ष कसे वाढवावे याआधी शाळेशी बोलायला हवे. अधिकारपदावरच्या पालकांनी हे बोलणे मुलाचे आईबाबा म्हणून करावे, पदाचा दाब आणू नये. तो दाब शेवटी वर्गात मुलालाच सोसावा लागतो.

भोपाळमधल्या मराठी मुलाचा आणखी एक भार सहसा कोणी मोजत नाही. घरात मराठी, आवारात आणि बसमध्ये हिंदी, पुस्तकात बहुधा इंग्रजी. बेरजेत शाळेत ‘हासिल’, घरात ‘हातचा’. शाळेत ‘भिन्न’, घरात ‘अपूर्णांक’. आजी ‘एकोणसत्तर’ म्हणते, बाई ‘उनहत्तर’ म्हणतात आणि पुस्तक सिक्स्टी-नाइन म्हणते. मुलाचा हात वजाबाकीत मध्येच थांबतो तेव्हा पुष्कळदा हे मनातले भाषांतर चाललेले असते. त्याला वेळ द्यावा. मात्र अभ्यास सोपा व्हावा म्हणून घरातली मराठी बंद करणे चुकीचे आहे. मूल ज्या भाषेत भांडते आणि स्वप्ने सांगते, त्या भाषेत एखादी कल्पना एकदा कळली की दुसऱ्या भाषेत तिला नुसते नाव द्यायचे उरते. शाळेचे शब्द आणि घरचे शब्द शेजारीशेजारी लिहिलेला एक कागद टेबलावर चिकटवला तर पुष्कळ गोंधळ मिटतो.

एवढे सगळे करूनही अडचण राहिली, तर तिचे कारण वेगळ्या ठिकाणी शोधावे. फळा नीट न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीत बघत राहते. सर्दीने कान दडणारे मूल सूचना अर्धी ऐकते. म्हणून डोळे आणि कान आधी तपासून घ्यावेत. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, आणि उशिरा जेवणाऱ्या घरांत नेमकी तीच कमी पडते. वाचताना अक्षरे सतत उलटसुलट होणे, तोंडी सगळे येऊनही लिहिता न येणे, हे अध्ययन-अक्षमतेचे लक्षण असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. अतिचंचलता आणि लक्ष न टिकण्याचा विकार ठरवताना लक्षणे किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसतात की नाही, हे तज्ज्ञ पाहतात. फक्त गृहपाठाच्या वेळी दिसणारी चुळबुळ त्यात बसत नाही. निदानासाठी बालरोगतज्ज्ञ आणि बालमानसतज्ज्ञ यांच्याकडेच जावे. नातेवाइकांच्या अंदाजावर किंवा इंटरनेटवरच्या प्रश्नावलीवर मुलाला नाव चिकटवू नये.

साधारण तिसरीपासून कामाची सूत्रे हळूहळू मुलाकडे द्यायची असतात. आधी डायरी त्याने वाचावी, मग किती वेळ लागेल याचा अंदाज त्याने सांगावा, मग दप्तर त्याने भरावे, आणि चौथी-पाचवीत अभ्यास झाला की नाही हेही त्यानेच सांगावे. एखादी वही घरी राहील, एखाद्या दिवशी बाईंसमोर गृहपाठ नसेल. ती वही गाडी पाठवून शाळेत पोहोचवू नये. संध्याकाळी मुलाबरोबर बसून, उद्या ती दप्तरात कशी जाईल एवढेच ठरवावे आणि भरायचे काम त्याच्याकडेच ठेवावे.